बबल मधोमध

मी लेव्हल मशीन. खेड्यातले लोक मला दुर्बीण म्हणतात, आणि पोरांना तर वाटतं की माझ्यातून चंद्रावरचे डाग मोजता येतात. तसं काही नाही. माझं काम फार साधं आहे. मला तीन पायांच्या तिपाईवर बसवायचं, माझ्या अंगावरच्या छोट्या गोल काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा आणि डोळा लावायचा. समोर कोणीतरी आकड्यांची उंच पट्टी धरून उभं असतं. माझ्या आतली आडवी काळी रेघ पट्टीवर ज्या आकड्याला लागते, तो आकडा वाचायचा. त्यावरून कळतं की कुठली जमीन उंच, कुठली खोल, आणि पाणी कुठून कुठे वाहील.

त्या बुडबुड्याला साइटवर सगळे बबल म्हणतात. बबल मधोमध असला की माणसं निश्चिंत होतात. मशीन बरोबर उभी आहे असं म्हणतात आणि पुढचं सगळं माझ्यावर सोडून देतात.

सध्या मी गोंदियात इंद्रकुमार सेठच्या गोदामात असते. रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी माझी पेटी ठेवलेली आहे. पेटीची एक कडी तुटली आहे, तिथं बाइंडिंगची तार गुंडाळली आहे. मला तोंड नाही. एकच डोळा आहे आणि तो दोन वर्षांपूर्वीच वाकडा झाला आहे. हे मला माहीत आहे, दुसऱ्या कोणालाही नाही.

सेठ ठेकेदार आहेत. रस्त्याकडेच्या नाल्या, शाळेच्या खोल्या, तलावांची दुरुस्ती अशी कामं घेतात. त्यांनी मला नागपूरहून आणलं आणि थेट रामलाल पटल्यांच्या हातात दिलं. रामलालजी कामठ्याचे. अर्धं आयुष्य नहरांच्या, म्हणजे कालव्यांच्या मोजणीवर घालवून घरी बसले होते, सेठनं त्यांना पुन्हा उठवलं. त्यांनी पेटी उघडली, मला बाहेर काढायच्या आधी हात साबणानं धुतले, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, "तंबाखूचा हात लावशील तर हिला जर्दा दिसेल, जमीन नाही दिसणार."

रामलालजींच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे ते मला नेहमी दोन जागांच्या मध्ये उभं करत. मागची पट्टी जितकी लांब, तितकीच पुढची. मजूर कुरकुर करत, कारण त्यासाठी तिपाई पुन्हा पुन्हा उचलावी लागे. रामलालजी म्हणत, "मधात उभं राहिलं की मशीनची चूक दोन्हीकडं सारखी होते, अन् सारखी चूक कटून जाते."

दुसरी सवय दोन खुंट्यांची. नवी साइट आली की ते आधी दोन खुंट्या ठोकत, एकमेकींपासून बऱ्याच लांब. आधी मला मध्ये उभं करून दोन्हींवरची पट्टी वाचत. मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा दोन्ही वाचत. दोन्ही वेळा खुंट्यांच्या उंचीतला फरक सारखा आला तर माझ्या पाठीवर थाप मारत. नाही आला तर समजत की माझी नजर वर किंवा खाली झुकली आहे. मग डोळ्याजवळचं एक छोटं झाकण काढून, आतला बारीक स्क्रू केसाएवढा फिरवत. त्या वेळी ते श्वास रोखून धरत. मीही.

विश्वकर्मा पूजेला सगळी हत्यारं धुऊन मांडली जात. थापी, ओळंबा, ड्रिल, मिक्सरचं चाक, सगळ्यांवर पाणी शिंपडायचं, कुंकू लावायचं. माझी पाळी आली की रामलालजी हात आडवा करत. "हिचं फूल पेटीवर. हिच्यावर पाण्याचा थेंब नाही." सेठच्या घरची माणसं हसत. म्हातारा मशीनला नव्या नवरीसारखं जपतो म्हणत.

त्यांनी एकालाच शिकवलं. योगराज, चिचगडकडचा. त्याचे डोळे तीक्ष्ण आणि बोलणं कमी. दोन हंगाम तो त्यांच्यामागे तिपाई वाहत फिरला, मग हळूहळू माझ्या डोळ्याला डोळा लावू लागला. पुढे रामलालजींना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण पट्टीवरच्या बारीक रेघा त्यांना पुन्हा दिसल्या नाहीत. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ते गेले. योगराज तीन दिवस कामावर आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी दोन खुंट्या ठोकल्या.

मला वाटलं होतं, आता माझं आयुष्य या माणसाबरोबर जाईल. पण इथं मशीनच्या माणसाला फक्त मशीनवर कोणी राहू देत नाही. सकाळी माझ्यावर, दुपारी सिमेंटच्या पोत्यांची मोजणी, संध्याकाळी सेठच्या मुलीला, रुचीला, स्कूटीवर ट्यूशनला सोडायचं. एकदा पट्टी वाचता वाचता सुपरवायझर भैय्यालालनं त्याला समोसे आणायला पाठवलं. योगराज जाऊन समोसे घेऊन आला. त्याच महिन्यात त्याला हैदराबादहून फोन आला.

"काऊन चाललास गा?" भैय्यालालनं विचारलं. "इथं काय कमी आहे तुले?"

"तिथं मी एकाच कामावर राहीन," योगराज म्हणाला. "सकाळपासून रातीपर्यंत मशीनवरच."

"इथं भी मशीन ही तो है."

"आहे ना. समोसे भी आहेत."

सेठनं त्याच्या जागी माणूस शोधायला सुरुवात केली. फोनवर मेसेज फिरवले, ओळखीपाळखीत सांगितलं. एक मुलगा मोजणीच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आला. त्याला माझी पेटी दिली तर तो तिच्याकडे पाहत राहिला. प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, आमच्याकडं ही कपाटात असायची. काचेतून दाखवली होती." त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी हात लावू दिला नव्हता. दुपारी डबा खाऊन तो गेला, पुन्हा आला नाही. दुसरा आठवडाभर टिकला आणि पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करायला निघून गेला. तिसऱ्याला कॉम्प्युटरवरचं काम हवं होतं, उन्हातलं नको होतं. सेठ हिंडून थकले. "पैसा देने को तैयार हूँ, पर देऊ कोणाला?" असं ते गल्ल्यावर बसून स्वतःशीच म्हणत.

शेवटी भैय्यालालनं भोजराजकडे बोट दाखवलं.

भोजराज लंजे गवंडी होता. सौंदडच्या आतल्या बाजूला पिपरटोला नावाचं गाव आहे, तिथला, कोहळी समाजातला. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध घातला, पाट काढले, हे तो कधी सांगत नसे, पण कोणी तलावाचं नाव काढलं की ताठ बसत असे. प्लास्टर असं करायचा की भिंतीवर हात फिरवत राहावं. लाजाळू माणूस. चारचौघांत प्रश्न विचारायची त्याला फार भीती वाटे. शाळा लवकर सुटली होती, आणि प्रश्न विचारला की लोकांना ते आठवेल असं त्याला वाटे.

योगराजनं त्याला शिकवलं ते गाडीला निघायच्या दिवशी, गोदामाच्या अंगणात.

"बबल मधात आण. डोया लाव. रेघ साफ दिसेपर्यंत हे चाक फिरव. आकडा वाच. झालं."

"एवढंच?"

"बाकीचं फोनवर सांगीन. गाडीची वेळ होऊन राहिली."

योगराजनं जाताना माझ्या पेटीवर एकदा हात ठेवला. मग बॅग उचलून रिक्षात बसला. दोन खुंट्या, मध्ये उभं राहणं, सगळं त्याच्या डोक्यात बसून त्याच्याबरोबर हैदराबादला गेलं.

काही दिवसांनी विश्वकर्मा पूजा आली. भोजराजच्या हातात मी आले त्यानंतरची ती पहिली पूजा. त्यानं नवा शर्ट घातला होता. कालपर्यंत थापी धरणारा माणूस आता टेक्निशियन म्हणून सगळ्यांच्या पुढे उभा होता. मजूर त्याला मशीनवाले भाऊ म्हणत होते. त्याचं मन भरून आलं होतं, आणि भरलेल्या मनानं त्यानं मला आंघोळ घातली.

खरंच सांगते, इतक्या मायेनं मला कोणीच हाताळलं नव्हतं. त्यानं तांब्यातलं पाणी माझ्यावर सोडलं, नव्या फडक्यानं पुसलं, सांध्यांना खोबरेल तेल लावलं. काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि लगेच पदराएवढ्या मऊ कापडानं पुसूनही घेतलं. पुसता पुसता डोळ्याजवळचं ते छोटं झाकण त्याच्या बोटाला लागलं. झाकण निघालं. आत बारीक स्क्रू. त्यानं नखानं हलवून पाहिला. हलला.

भोजराज मिस्त्री माणूस. ढिलं दिसलं की आवळायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. चौकट ढिली असेल तर पाचर, खिळा ढिला असेल तर हातोडा. त्यानं सोनाराकडचा असतो तसा बारीक पेचकस शोधून आणला आणि स्क्रू चांगला आवळला. मग झाकण लावलं, हात जोडले, डोळे मिटले.

माझी नजर वर गेली. मान ताठ झाल्यासारखं झालं. समोर सरळ पाहते आहे असं मला वाटे, पण मी थोडं वरच पाहत होते. इतकं थोडं, की माणसाच्या डोळ्याला कळू नये. बबलला तर काहीच झालं नाही. तो तसाच मधोमध. बबल मी उभी कशी आहे तेवढं सांगतो. मी पाहते कुठे, हे तो सांगत नाही.

हिवाळ्यात छोटी कामं झाली. एक कंपाउंड, एक ओटा. जवळची अंतरं, चूक नखाएवढी, प्लास्टरखाली दबून गेली. भोजराजचा हात माझ्यावर बसला. आकडे आता तो झटकन वाचायचा.

होळीनंतर काम निघालं ते त्याच्याच गावचं. पिपरटोल्याच्या तलावातून शेतात जाणारा जुना मातीचा पाट होता. जागोजागी फुटलेला, पाणी अर्ध्या वाटेत जिरायचं. तो पाट काँक्रीटचा करायचा होता. पाटाच्या अगदी शेवटाला भोजराजच्या मोठ्या बहिणीची, सुशीलाबाईंची बांधी, म्हणजे धानाचं खाचर होतं. सुशीलाबाईंना त्याच गावात दिलेलं होतं. नवरा गेल्यापासून शेत त्याच पाहत. शेवटची बांधी म्हणजे पाणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी. म्हणून दरवर्षी त्या हलका धान लावत. हलका धान लवकर निघतो, शेवटच्या पाण्याची वाट पाहत नाही, पण पिकतोही कमी आणि त्याला भावही कमी.

पहिल्या दिवशी भोजराजनं पाळीखाली तिपाई उभी केली तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं. सुशीलाबाईही आल्या. माझ्याकडे जरा लांबूनच पाहत म्हणाल्या, "काय गा भोजू, हेच्यातून पाणी दिसते काय?"

"पाणी नाई दिसत बाई. पाण्याची वाट दिसते."

"मंग पाह्य बरं, माझ्या बांधीत येते काय ते."

लोक हसले. भोजराजही हसला, मग गंभीर झाला. "यंदा तुझ्या बांधीत पहिलं पाणी मी सोडीन, माझ्या हातानं. तू पाहजो."

जाताना सुशीलाबाईंनी माझ्या तिपाईच्या एका पायाला हात लावून तो कपाळाला लावला.

पट्टी धरायला मंजू होती, गावातलीच. तोंडाची फटकळ. भोजराज डोळा लावून जरा जास्त वेळ थांबला की ती लांबून ओरडायची, "ओ मशीनवाले भाऊ, झोपले काय? माझा हात तुटून राहिला!" भोजराज खालच्या मानेनं हात हलवायचा, पट्टी सरळ धर म्हणून.

काम पाळीकडून शेतांकडे सरकत होतं. भोजराज मला सावलीत, पाटाच्या वरच्या टोकाला उभं करायचा आणि लांबवर शेवटाकडे पाहायचा. मध्ये उभं राहायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रामलालजी असते तर माझा वाकडेपणा मागे आणि पुढे सारखा होऊन कटला असता. भोजराज एकाच बाजूला पाहत होता, म्हणून माझी चूक प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी साचत गेली. माझी नजर वर जात असे, त्यामुळे पुढची जमीन मला होती त्यापेक्षा खोल दिसे. मी म्हणे, इथं भर टाका. मजूर भर टाकत.

एका दुपारी भोजराज थांबला. पाटाचा शेवटचा टप्पा होता. जुन्या पाटाचा तळ समोर स्वच्छ दिसत होता, आणि मी सांगत होते की त्याच्यावर मांडीएवढी भर घाला.

तो वाकला. पाटात उतरला. जुन्या तळावर हात ठेवला.

"इथं तं माझ्या बापानं खोदलं होतं," तो हळूच म्हणाला. "भर काऊन?"

मंजू पट्टी टेकवून उभी होती. "काय झालं?"

"काही नाई."

त्या दुपारी त्यानं योगराजला फोन लावला. तिकडे वारा होता आणि कसला तरी खडखडाट.

"मशीन कधी खोटं बोलते काय गा योगराज?"

"मशीन नाई बोलत खोटं. बबल मधात आहे ना?"

"मधातच आहे."

"दोन खुंट्यायची टेस्ट केली काय? रामलाल काकाजी करत ती?"

"कोणती?"

"अबे, सांगतो... काँक्रीटचा व्हायब्रेटर चालू झाला, ऐकू नाई येऊन राहिलं. व्हिडिओ पाठवतो!"

व्हिडिओ आला. एक माणूस हिंदीत भराभर बोलत होता आणि त्याच्यापुढे स्क्रीन असलेली मशीन होती. तो बटणं दाबत होता. भोजराजनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मला स्क्रीन नाही, बटण नाही. योगराजला पुन्हा फोन लावायला तो बसला, नंबरही काढला, मग फोन खिशात टाकला. एवढं भी येत नाई काय तुले, असं तो म्हणेल याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मिक्सर शेवटच्या टप्प्यावर आला. भैय्यालाल मोटरसायकलवरून उतरला तसा भोजराज त्याच्याजवळ गेला. मजूर फावडी टेकवून उभे होते, मंजू पट्टी खांद्यावर घेऊन.

"भैय्यालालजी, काँक्रीट टाकायच्या आधी तलावाचं थोडं पाणी सोडून पाहू काय? आमचे बुढे असंच करत. पाट खोदला की आधी पाणी सोडत, कुठं थांबते पाहत, मंग बाकीचं."

"पाणी सोडू? और कीचड़ हो गया तो? मिक्सर फसेल, हे सगळे घरी बसतील. पाणी काढायले परवानगी कोण देईन?"

"थोडंसंच..."

"काऊन पण? मशीन काय बोलली?"

"मशीन भर म्हणते. पण इथं जुना तळ..."

"पुराने लोगों ने अंदाज से खोदा था." भैय्यालालनं मजुरांकडे पाहिलं आणि आवाज वाढवला. "सेठनं तुले थापीवरून उठवून मशीनवर बसवलं, ते काय पाणी सोडून पाहायले? पाणीच सोडायचं होतं तं मशीन कायले आणली?"

कोणीतरी हसलं. मंजू म्हणाली, "मशीनवाले भाऊले मशीनचा भरोसा नाई व्हय!" तिनं सहज म्हटलं, रोजच्यासारखं. पण भोजराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तो माझ्याजवळ आला. बबल पाहिला. डोळा लावला. त्याच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या, इतक्या जवळ. मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. भोजराज, माझं ऐकू नको. तुझ्या बापाचा हात बरोबर आहे, खाली तो तळ आहे त्याच्यावर विश्वास ठेव. मला दोन खुंट्यांच्या मध्ये एकदा उभं कर, मी लगेच उघडी पडेन. मला खोटं झाकता येत नाही. पण मला विचारावं कसं, हे तुला कोणी शिकवलं नाही.

त्यानं डोळा काढला.

"बबल मधातच आहे," तो म्हणाला. "भरा."

काँक्रीट पडलं. त्या दिवशी भोजराजनं स्वतः थापी घेतली आणि शेवटच्या टप्प्याचा तळ हातानं घोटला. आरशासारखा. चुकीच्या उंचीवर इतका सुंदर तळ मी कधी पाहिला नाही.

पावसाळ्यात सुशीलाबाईंनी शेवटच्या बांधीत भारी धान लावला. तो उशिरा निघतो, त्याला शेवटचं पाणी लागतंच लागतं, पण पिकतो भरघोस. शेजारच्या शकुंतलाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "येवढी हिंमत नोको करू वो. आधी एक साल पाहून घे." त्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "भावानं मशीन लावून पाट काढला माझ्यासाठी. आता भी हलकाच लावू काय?" भोजराजनंच हे रोवणीच्या वेळी मोठ्या कौतुकानं सांगितलं. तेव्हा मी त्याच्या घरी होते, गोदामाचं छत गळत होतं म्हणून त्यानं मला घरी आणून ठेवलं होतं, कोरड्या कोनाड्यात.

पावसानं मग शेवटी पाठ फिरवली. धान पोटरीत आला, लोंब्या निघायच्या बेतात, आणि आभाळ कोरडं ठक्क. तलाव मात्र भरलेला होता. गावानं पाणी सोडायचं ठरवलं. भोजराजनं मलाही बरोबर नेलं. काय काम होतं माझं? काही नाही. त्याला वाटलं असेल, मीही पाहावं.

तुडूम उघडलं, म्हणजे पाळीतलं जुनं दगडी मोरीचं तोंड. नारळ फुटला. पाणी काँक्रीटच्या पाटातून असं धावत गेलं की पोरं बाजूनं पळत सुटली. भोजराज बहिणीच्या बांधीशी जाऊन उभा राहिला होता, फावडं घेऊन. पहिलं पाणी त्याच्या हातानं सोडायचं होतं. सुशीलाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसल्या होत्या.

पाणी शेवटच्या टप्प्याशी आलं आणि मंदावलं. तिथं ते थोडं चढलं, थांबलं, आणि मग पाहणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे फिरलं. आरशासारख्या तळावरून हळूहळू मागे. मागे फुगवटा झाला, पाटाच्या काठावरून पाणी दुसऱ्यांच्या शेतात सांडू लागलं.

पळणारी पोरं थांबली. मग बकाराम नावाचा म्हातारा शेतकरी म्हणाला, "लंज्याच्या पोरानं पाणी उलटं चालवलं."

भोजराजनं फावड्यानं पाणी पुढे लोटलं. ते पुढे गेलं आणि परत आलं. त्यानं पुन्हा लोटलं. सुशीलाबाई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या हातातून फावडं घेतलं.

"राहू दे गा भोजू. नोको ढकलू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं भोजराजच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. भारी धान पोटरीतच वाळला. तो कापून सुशीलाबाईंनी गुरांना घातला. पाट तोडून पुन्हा करायला सेठ तयार झाले, पण नेमकी चूक कुठे आणि किती, हे मोजायला माणूस नव्हता. पुन्हा मलाच आणलं. पुन्हा भोजराजच. मी पुन्हा तेच सांगितलं, जे आधी सांगितलं होतं. माझ्या हिशेबानं पाट अगदी बरोबर होता. भैय्यालाल डोकं धरून बसला. "मशीन तो सही बता रही है," तो म्हणाला. "मग पाणी काऊन नाई जात?" या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी पूर्ण तालुक्यात कदाचित एखाद्याला देता आलं असतं, आणि तो एखादा हैदराबादला होता.

शेवटी काम तिथंच थांबवलं. पाट तसाच आहे. शेवटच्या टप्प्यात आता पोरं क्रिकेट खेळतात. तळ छान गुळगुळीत आहे ना.

दिवाळीनंतर भोजराज मला गोदामात परत द्यायला आला. कोणी नव्हतं. त्यानं पेटी उघडली, मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, खालचे तीन स्क्रू फिरवून बबल मधोमध आणला. बराच वेळ त्या बुडबुड्याकडे पाहत राहिला.

"तू तं बरोबर आहेस," तो मला म्हणाला. "माझाच डोया खराब असंन."

आयुष्यात मला कोणी दिलेली ही सगळ्यांत वाईट शिक्षा आहे. ज्यानं मला मायेनं आंघोळ घातली, तो माणूस माझी चूक स्वतःच्या डोळ्यावर घेऊन गेला. आणि मला साधं ‘नाही’ सुद्धा म्हणता आलं नाही. स्क्रू त्याच्या बोटापासून तीन अंगुळांवर होता.

तो पेटी बंद करून गेला. एक कडी त्याच्या हातून तुटली, तिला त्यानं तार गुंडाळली. ऐकलं की तो आता नागपूरकडे कुठल्या तरी टॉवरवर प्लास्टर करतो. लेव्हलची पट्टी दिसली की लांबून जातो म्हणतात. तिथं त्याला कोणी मशीनवाले भाऊ म्हणत नाही.

सुशीलाबाईंनी यंदा पुन्हा हलका धान लावला. हे मला मंजूच्या बोलण्यातून कळलं. मंजूही आता गोंदियात सेठकडे विटा उचलायला येते. मला पाहून ती तोंड फिरवते. पूर्वीसारखी थट्टा करत नाही.

यंदाची विश्वकर्मा पूजा नुकतीच झाली. सेठनं मुन्नाला मशीनवर घेतलंय. मुन्ना आधी मिक्सर चालवायचा. चांगला पोरगा आहे, चटपटीत. त्याला भैय्यालालनं शिकवलं. जे भैय्यालालनं भोजराजला करताना पाहिलं होतं, तेवढं. बबल मधात आण, डोया लाव, आकडा वाच. मुन्नानं मला पेटीतून काढलं, तांब्यातलं पाणी ओतलं, तेल लावलं, कुंकवाचं बोट टेकवलं. कोणीतरी आधीच्या पूजेला असंच केलं होतं, म्हणून आता ती रीत झाली आहे. रामलालजींचं पेटीवरचं फूल कोणालाच आठवत नाही. ते आठवणारा एक जण गेला, दुसरा दूर गेला.

परवा मला कामठ्याकडच्या एका नालीच्या कामावर नेणार आहेत. वस्तीतलं सांडपाणी बाहेर काढायचं काम. लोक वाट पाहत असतील.

वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बाजूनं गेलात, तर माझ्यासाठी एक करा. फार काही नको. जमिनीत दोन खुंट्या ठोका, लांब लांब. मला त्यांच्या मध्ये उभं करा आणि दोन्ही वाचा. मग एकीच्या जवळ नेऊन पुन्हा वाचा. मी लपवणार नाही. आणि जमलं तर भोजराज लंजेला शोधून सांगा, तुझा डोळा बरा होता.

पण तुम्ही याल असं मला वाटत नाही. आणि आलात, तरी त्या खुंट्यांचं काय करायचं, हे तिथं कोणाला विचाराल?

मुन्नानं आज सराव म्हणून मला अंगणात उभं केलंय. त्यानं वाकून काचेत पाहिलं, आणि भैय्यालालला मोठ्यानं सांगितलं, "मधोमध आहे!"

भैय्यालालनं चहाचा कप उचलला. "मग झालं," तो म्हणाला.